काळ्या गाडीवरचे पॉलिशचे फराटे: कंपाउंड घेण्याआधी हे वाचा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पांढरकवड्याजवळच्या गावी राहता. काळी सेकंडहँड गाडी घेतली आणि तालुक्याला नेऊन तिला बफिंग, म्हणजे मशीननं पॉलिश, करून घेतलं. ताब्यात मिळाली तेव्हा गाडी चकाचक होती. दोन-चार वेळा धुतल्यावर मात्र उन्हात बॉनेटवर आणि दारांवर फिकट फराटे दिसू लागले. आपण जागा बदलली की तेही सरकतात आणि कुठे कुठे सप्तरंगी झाक मारतात. सावलीत काहीच दिसत नाही. तुम्ही रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासणारी जाड खरखरीत पेस्ट, आणून उजव्या दारावर फडक्यानं घासून पाहिलं, तर ती जागा उलट धुरकट झाली. आता मशीन मागवायचा विचार आहे आणि कोणतं कंपाउंड घेऊ असं विचारलंय.

कंपाउंड सध्या घेऊच नका. तुम्ही वर्णन केलेले फराटे फार उथळ असतात. ते काढायला जितकं घासावं लागतं, त्याच्या कितीतरी पट जास्त कंपाउंड घासतं आणि स्वतःच्या रेघा मागे ठेवतं. उजव्या दारावर तेच झालंय. खरा प्रश्न हा आहे की रंगाला शेवटचा हात कशाचा लागला. अंगण सारवलं की शेवटचा हात जसा फिरला तसे अर्धगोल उमटतात आणि तिरप्या उन्हात ते स्पष्ट दिसतात. गाडीच्या रंगाचंही तसंच आहे. आधी कितीही नीट काम झालेलं असो, डोळ्याला दिसतो तो शेवटचा हात. तो हात पुन्हा एकदा, आधीपेक्षा हलका फिरवायचा, एवढंच तुमचं काम आहे.

काळ्या गाडीवरच हे इतकं का डोळ्यात भरतं, ते सांगतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो आणि रेघा त्या कोटात असतात. रेघेवर पडलेला प्रकाश इकडेतिकडे विखुरतो. पांढऱ्या गाडीत खालचा रंगच इतका उजेड परत फेकतो की त्यात विखुरलेला प्रकाश हरवून जातो. काळा रंग उजेड गिळतो, मग नजरेला फक्त रेघ उरते. रेघा बारीक आणि समांतर असल्या, म्हणजे मशीनचं पॅड एकाच दिशेनं गोल फिरलेलं असलं, की प्रकाश फुटून ती सप्तरंगी झाक येते. आमच्या धंद्यात याला होलोग्राम म्हणतात. ऊन विदर्भाचं असलं की लपवायला काही उरतच नाही.

मग गॅरेजमधून निघताना ते का दिसले नाहीत? पॉलिशमध्ये तेलं असतात आणि बऱ्याच पॉलिशमध्ये रेघा भरून काढणारे घटकही असतात. त्या दिवशी रेघ होतीच, फक्त तेलानं भरलेली होती. शाम्पूनं धुतल्यावर तेल गेलं आणि रेघ उघडी पडली. काही दुकानदार जाणूनबुजून असं करतात, काहींच्या हे लक्षातच येत नाही कारण ते ट्यूबलाइटच्या उजेडात काम करतात. तुम्ही घरी काम कराल तेव्हा हीच फसगत तुमची स्वतःची होऊ शकते. म्हणून दर टप्प्यावर पुसून बघणं आलंच.

पुसायचं कशानं, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं. 99 टक्क्यांचं असेल तर एक भाग अल्कोहोल आणि चार भाग बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर, असं स्प्रेच्या बाटलीत भरा. हात धुवायचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते पुन्हा थर सोडतं. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांपैकी काहीही नको; गाडी आधी कुठे री-पेंट झाली असेल तर थिनर तिथला रंग मऊ करतो. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा चूल, बिडी-सिगारेट दूर ठेवा. गाडीचा एखादा भाग गेल्या महिना-दोन महिन्यांत रंगवलेला असेल तर त्यावर अल्कोहोल मारू नका आणि पॉलिशही करू नका. तो रंग अजून पुरता कडक झालेला नसतो.

आता ओळखायचं कसं. गाडी धुवून, वाळवून, बॉनेटचा एक भाग अल्कोहोलनं पुसा. सकाळी आठ-नऊच्या उन्हात नाहीतर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च धरून बघा. टॉर्च आणि डोळा दोन्ही हलवत राहा.

पुसल्यावर डागच गेले, तर त्या रेघा नव्हत्याच. पॉलिश नीट पुसलं गेलं नव्हतं, तेलाचा थर राहिला होता. काम संपलं.

रुंद, लाटेसारखे पट्टे दिसले आणि ते पॅडच्या वाटेनं वळत गेलेले असले, तर ते रोटरी मशीनचे, म्हणजे पॅड नुसतं गोल फिरवणाऱ्या मशीनचे, होलोग्राम. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतात. पॅड सपाट न धरता कडेवर धरलं, लोकरीच्या पॅडनं जाड कंपाउंड मारून तिथेच थांबलं, किंवा पॉलिश सुकल्यावरही मशीन चालू ठेवलं की हे होतं.

रेघ अशी वेगळी दिसत नाही, पण टॉर्चभोवती सगळीकडे सारखी धूसर झाक आहे, असं असेल तर ती ड्युअल अ‍ॅक्शन मशीनची (पॅड गोल फिरवतानाच आडवंही हलवणाऱ्या) किंवा पॅड-पॉलिशच्या चुकीच्या जोडीची खूण. आणि दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा सगळ्या दिशांनी असतील, तर त्या पॉलिशच्या नाहीतच. त्या धुण्यापुसण्याच्या आहेत. सेकंडहँड काळ्या गाडीवर हे दोन्ही एकावर एक असतात, तेव्हा होलोग्राम गेल्यावर खालची जाळी दिसली तर घाबरू नका. ती आधीपासूनच होती.

नखाला अडकणारी रेघ मात्र सोडून द्या. तिला घासून संपवायचं म्हणजे भोवतालचा सगळा कोट तिच्या तळापर्यंत खाली आणायचा.

इथे मला तुमच्यापेक्षा तुमच्या गाडीच्या रंगाची काळजी जास्त आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन रंग असतो, आणि त्यातला क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ थरावर आपण घासतोय. बारीक फिनिशिंग पॉलिश एका वेळी जेमतेम एखादा मायक्रॉन किंवा त्याहून कमी घेतं. कंपाउंड कित्येक मायक्रॉन घेऊ शकतं. ऊन रोखणारं जे काही आहे ते याच कोटात आहे. मे महिन्यात 45-46 अंशांत उभ्या राहणाऱ्या गाडीचा हा कोट पातळ केला, तर पुढे कधीतरी छतावर आणि बॉनेटवर पापुद्रे निघायला लागतात. त्यावर पॉलिशचा इलाज नाही, रंगच द्यावा लागतो.

म्हणून काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही, त्या तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत. आधीच्या मालकानं किती वेळा बफिंग केलं? कोणता भाग री-पेंट आहे? रंग मऊ आहे की कडक? जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर असेल, तर तासाभरासाठी आणा. सगळीकडे 110-120 दाखवतंय आणि एका दारावर 250, तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. एखाद्या ठिकाणी 80-90 च्या खाली उतरलं तर तिथे मशीन लावू नका. एक ध्यानात ठेवा, मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. प्लास्टिकच्या बंपरवर हे साधं मीटर चालत नाही. मीटर मिळालं नाही तर दारांच्या कडा आणि बॉनेटच्या उठावाच्या रेषा बघा. तिथे रंग फिका किंवा वेगळा दिसत असेल तर गाडी आधीच भरपूर घासली गेली आहे.

मशीनबद्दल. वेल्डिंगवाल्याचा चार इंची ग्राइंडर त्याला फोम लावून वापरताना मी पाहिलाय. कृपा करून तसं करू नका. तो मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो. पॉलिशिंगची रोटरी 600 ते 3000 मध्ये चालते. ग्राइंडरनं काही सेकंदांत कोट जळतो. ड्रिलला लावायचं पॅडही नको, ते सपाट राहत नाही आणि पुन्हा तसेच होलोग्राम उमटतात. घरच्या माणसासाठी ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्या. त्याचं पॅड फिरतं आणि फिरता फिरता आडवं हलतंही, त्यामुळे एकाच वाटेनं रेघ पडत नाही. आठ किंवा पंधरा मिलिमीटरचा थ्रो (पॅड आडवं किती हलतं ते माप) आणि पाच इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर चिकटतं ती चकती) पुरेशी आहे. सोबत मऊ फिनिशिंगचे फोम पॅड तीन-चार, मध्यम पॉलिशिंगचा एक, फिनिशिंग पॉलिशची छोटी बाटली आणि नवे, जाड लवेचे मायक्रोफायबर टॉवेल. टॉवेलची कडेची पट्टी आणि लेबल कापून टाका. काळ्या रंगावर त्या लेबलाचीही रेघ उठते.

घासण्याआधीची धुलाई खूप महत्त्वाची आहे. तुमच्याकडे काळ्या मातीची धूळ, आणि वणीकडे जाणं-येणं असेल तर कोळशाचीही. हात फिरवून रंग खरखरीत लागला तर धुतल्यावर शाम्पूच्या पाण्यात भिजवून क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) हलक्या हातानं फिरवा. क्लेमुळेही काळ्या रंगावर पुसट रेघा येतात, पण आपण पुढे पॉलिश करणारच आहोत, म्हणून चालतं. नुसती क्ले मारून कधीच थांबू नये.

बोअरच्या क्षाराचे पांढरे ठिपके असतील तर पाणी मिसळलेला पांढरा व्हिनेगर सावलीत, थंड पत्र्यावर मिनिटभर लावून भरपूर पाण्यानं धुवा. ते गेले नाहीत तर क्षारानं कोट खाल्लाय असं समजा आणि पुढे जा.

आता मुख्य काम. एकदम पूर्ण बॉनेट घेऊ नका. बॉनेटवरच दीड फूट लांब-रुंद चौकोन मास्किंग टेपनं आखा. उठावाच्या कडा, रबर, प्लास्टिक टेपनं झाका; कडेवर कोट आधीच पातळ असतो. सगळ्यात मऊ पॅडवर फिनिशिंग पॉलिशचे चार-पाच छोटे थेंब घ्या. पॅड नवं असेल तर पहिल्यांदा बोटानं सगळ्या तोंडावर पातळ चोळून घ्या, कोरडा फोम रंगाला लागू नये. मशीन बंद असताना चौकोनभर टिपून मगच चालू करा, नाहीतर पॉलिश भिंतीवर जाईल.

मशीनवरचा वेगाचा आकडा तीन-चार. दाब मशीनच्या स्वतःच्या वजनाहून थोडासाच जास्त. हात सेकंदाला इंच-दीड इंच सरकवा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा. आडवं एकदा आणि उभं एकदा झालं की एक फेरी. अशा तीन-चार फेऱ्या, आणि शेवटची जवळजवळ बिनदाबाची. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ मारून ठेवा. काम करताना ती रेघ गरगर फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली तर पॅड नुसतं थरथरतंय, दाब जास्त होतोय किंवा तुम्ही मशीन तिरपं धरलंय. गावात हे अजून एका कारणानं होतं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मशीन मंदावतं आणि पॅड फिरायचं थांबतं. सकाळीच काम करा, आणि घरच्या लहान इन्व्हर्टरवर हे मशीन टाकू नका.

पॉलिश पारदर्शक, ओलसर थरासारखं उरलं की थांबा. ते भुकटी होईपर्यंत घासायचं नाही. पुष्कळ धूसरपणा या एका सवयीतून येतो. मऊ टॉवेलनं, टॉवेलची घडी बदलत, न दाबता पुसा. मग अल्कोहोल मारा, पुन्हा नव्या घडीनं टिपा आणि टॉर्च लावून बघा.

चौकोनातले फराटे गेले आणि बाहेरचे आहेत तसे दिसतायत? झालं, तुमची जोडी मिळाली. याच पॉलिशनं, याच पॅडनं पूर्ण गाडी करा. थोडे उरलेत? त्याच पॉलिशच्या आणखी दोन फेऱ्या. तरीही उरले तर मध्यम पॅड लावा, पॉलिश तेच ठेवा, आणि मग पुन्हा मऊ पॅडनं शेवट करा. एवढ्यानंही फरक पडला नाही, तरच मध्यम पॉलिशचा विचार करा. चढायचं ते एकेक पायरी, आणि एकावेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.

फराटे गेले पण आता सगळा चौकोन धुरकट झाला, असंही घडतं, विशेषतः मऊ रंगावर. बरेच लोक इथे बिचकून जास्त घासतात. इथे पॅड बदला. पॅडमध्ये जुनं पॉलिश आणि रंगाचा चुरा बसलेला असतो आणि तोच रेघा मारतो. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाडा, दोन-तीन चौकोनांनंतर दुसरं पॅड घ्या. पॅड, पॉलिशचं प्रमाण, दाब आणि टॉवेल या चौघांनाच माझ्या दुकानात मी आधी धरतो. पॉलिशची बाटली बदलायची वेळ फार क्वचित येते.

एक महत्त्वाची खूण राहिली. पॅडवर काळा रंग उतरायला लागला तर लगेच थांबा. एक तर तुमची गाडी किंवा तो भाग क्लिअर कोट नसलेल्या साध्या काळ्या रंगाचा आहे, किंवा कोट संपलाय. पहिल्या बाबतीत पहिल्याच फेरीपासून सगळीकडे सारखा रंग येतो आणि हलक्या हातानं काम करता येतं. दुसऱ्या बाबतीत एकाच ठिकाणी येतो आणि तिथे पुढे काही करायचं नाही.

वेळ कोणती निवडावी? दिवाळीनंतर ते होळीपर्यंतची सकाळ सगळ्यात चांगली. सोयाबीनचं मळणीयंत्र जवळ चालू असेल त्या दिवशी नको. जिनिंगजवळ राहत असाल तर तंतू उडत नाहीत अशी जागा शोधा. टिनाच्या शेडमध्ये काम करणार असाल तर आधी खाली सडा मारा, धूळ बसते. उन्हाळ्यात, त्यातही नवतपात, हे काम काढूच नका. सावलीतही पत्रा तापलेला राहतो आणि पॉलिश लावता लावता सुकतं. काम चालू असतानाही अधूनमधून पत्र्याला हाताची पाठ लावून बघा. हात ठेववत नसेल तर पुढच्या भागाकडे वळा, तो थंड होऊ द्या. प्लास्टिकचा बंपर उष्णता लवकर सोडत नाही, तिथे फेऱ्या कमी.

तुमच्या उजव्या दाराची ती धुरकट जागा शेवटी घ्या, हात बसल्यावर. फडक्यानं कंपाउंड घासल्याच्या रेघा होलोग्रामपेक्षा जरा खोल असतात, तिथे मध्यम पॅड लागेल असं धरून चाला. पण तिथेही आधी मऊ पॅडनं बघायचंच.

मशीन घ्यायचंच नसेल तर? हातानंही काही प्रमाणात होतं. फोमचा हातपॅड, तेच फिनिशिंग पॉलिश, एक फुटाचा चौकोन, हलका आणि सारखा दाब. बोटांनी दाबून नाही, तळव्यानं. फराटे पुसट होतील, पूर्ण जातील असं सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही. दोन दारांमधली चकचकीत काळी पट्टी मात्र हातानंच करा. ती फार मऊ असते, मशीन तिला लगेच दुखावतं.

काम झाल्यावर त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर, लावा. सिरॅमिक कोटिंगचा विचार असेल तर आधी आठवडाभर गाडी उन्हात फिरवून, धुवून, पुन्हा टॉर्चनं बघा. कोटिंगखाली राहिलेली रेघ तशीच दिसत राहते, आणि ती काढायला मग कोटिंगही घासून काढावं लागतं.

आणि तो पिवळा फडका. रोज सकाळी कोरड्या गाडीवरून फिरवायची आपल्याकडे सवय आहे. काळ्या मातीच्या धुळीसकट तो फडका काळ्या रंगावर फिरला की महिन्याभरात जाळी परत येते. धूळ पाण्यानं उडवायची, नाहीतर तशीच राहू द्यायची. धुताना दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खंगाळायची. कपड्यांची पावडर नको. गावातल्या आरओ प्लांटचं वाया जाणारं पाणी पुष्कळ जण गाडीला वापरतात. त्यात क्षार बोअरच्या पाण्यापेक्षाही जास्त असतात, काळ्या गाडीला ते लावू नका. शेवटचं खंगाळणं गाळलेल्या आरओच्या पाण्यानं केलं तर उत्तम, तेवढं शक्य नसेल तर सावलीत धुवून पाणी सुकायच्या आत टिपून घ्या.

बॉनेटवरचा पहिला चौकोन झाला की टेप न काढता, अल्कोहोलनं पुसून, टॉर्चच्या उजेडात चौकोनाच्या आतला-बाहेरचा असा एकच फोटो काढून इथे टाका. पॅड कोणतं होतं, पॉलिश कोणतं आणि किती फेऱ्या घेतल्या तेही लिहा. तो बघून मध्यम पॅडची गरज आहे की नाही ते सांगतो, तोपर्यंत बाकीच्या गाडीला हात लावू नका.